बापटांनी मागितलेला अंधार

अच्युत बापट कुणाकडे जेवायला गेले की हात धुण्याआधी खिडकीशी जाऊन उभे राहायचे. पडदा बाजूला करून मागचं अंगण बघायचे आणि विचारायचे, "तो दिवा कुणासाठी लावलाय?"

यजमान म्हणायचा, "सेफ्टीसाठी, काका."

"कुणाच्या?"

"आमच्याच की."

"तुम्ही तर सगळे आत आहात. बाहेर मला एक ससा दिसतोय. त्याच्या सेफ्टीसाठी असेल तर राहू दे."

दिवा बंद होईपर्यंत ते पहिला घास घेत नसत असं काही जण सांगतात. ते खोटं आहे. बापटांना भूक अजिबात धरवत नसे. पण पानं वाढून होईपर्यंत घरातलं कुणीतरी हसत हसत उठायचं आणि तो दिवा घालवून यायचं.

वेस्ट विंडसरच्या आमच्या कॉलनीत आता बापटांचं नाव निघालं की नवी माणसं म्हणतात, "ते का, ज्यांनी दिवे बंद करायला लावले आणि एक आजी पडल्या?" मी एकोणऐंशी वर्षांचा आहे. हे वाक्य गेली सात वर्षं ऐकतोय आणि दर वेळी गप्प बसलोय. आजी पडल्या हे खरं. बापटांच्या अंधारामुळे पडल्या हे खोटं. त्या माझ्यामुळे पडल्या. कशा, ते पुढे सांगतो. पण आधी बापट काय माणूस होते ते सांगायला हवं, कारण त्या एका वाक्यात ते मावत नाहीत.

ते मूळचे मिरजेचे. सत्तरच्या दशकात इकडे आले आणि एका प्रयोगशाळेत भिंगं आणि आरसे घासायच्या कामाला लागले. भोवती सगळे डॉक्टरेटवाले, हे डिप्लोमावाले. त्याचं त्यांना कधी काही वाटलं नाही. "त्यांना सिद्धांत कळतो, मला काच कळते," एवढंच म्हणायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी आठ इंची आरसा स्वतः घासला आणि बांधकामात खांब ओतायला वापरतात तसल्या पुठ्ठ्याच्या नळीत तो बसवून दुर्बीण केली. तिला ते नळकांडं म्हणायचे. बुटका माणूस, ऑक्टोबर ते एप्रिल डोक्याला माकडटोपी, अंगात मासे पकडणाऱ्यांचं सोळा खिशांचं जाकीट. त्यातल्या एका खिशात लाल कागद लावलेली टॉर्च, एकात पुसायचं फडकं, बाकीच्या खिशांत खारे दाणे.

आमच्या कॉलनीच्या मागे एक तळं आहे. पावसाचं पाणी साठावं म्हणून बिल्डरनं खणलेलं. त्याच्याभोवती फिरायची वाट आणि एका कडेला कॉलनीचं क्लबहाउस. बापट तिथे महिन्यातून एकदा नळकांडं मांडायचे. त्याची जाहिरात म्हणजे भारतीय किराणा दुकानातल्या बोर्डावर, डब्याच्या आणि भाड्याच्या खोलीच्या चिठ्ठ्यांमध्ये लावलेला एक कागद: "शुक्रवार. शनी. साडेसात ते नऊ. ढग असल्यास नाही. चहा नाही."

"चहा नाही कशाला लिहिता हो?" मी एकदा विचारलं.

"आपली माणसं चहाला येतात आणि चहा झाला की जातात. शनीला आलेली माणसं मला वेगळी मोजायची आहेत."

आलेल्या माणसाला ते आधी नुसतं उभं करायचे. "फोन खिशात. डोळ्यांना वीस मिनिटं द्या. तुमचेच डोळे आहेत, भाड्याचे नाहीत." मग रांगेत घ्यायचे, आणि काय दिसणार आहे हे आधी मुळीच सांगायचे नाहीत. "बघा आणि सांगा," एवढंच. बघणाऱ्यानं काय दिसतं ते स्वतः सांगायचं, हा त्यांचा नियम होता. एक सात-आठ वर्षांची मुलगी शनीची कडी बघून मागे वळली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काका, दॅट्स अ स्टिकर. यू पुट अ स्टिकर इन देअर." तिची आई ओशाळली. बापटांनी मात्र तिला नळकांड्याच्या तोंडाशी नेलं, आत टॉर्च मारून आरसा दाखवला, भिंग काढून तिच्या तळहातावर ठेवलं. "शोध. सापडला स्टिकर तर नळकांडं तुझं." तिनं पाच मिनिटं कसून शोधलं. रांग थांबली. सनीव्हेलहून मुलाकडे आलेले एक गृहस्थ कुरकुरले, "अहो, आमचा नंबर कधी?" बापट म्हणाले, "शनी कुठे पळत नाही. तिची शंका पळून जाईल."

त्यांना अंधार हवा होता, पण माणसांनी ठेचकाळावं असं त्यांना कधीच वाटलं नाही. उलट त्यांचं म्हणणं होतं की आपण लावतो त्या दिव्यांनी दिसतं कमी. कॉलनीचा कारभार घरमालकांचं असोसिएशन बघतं, आणि त्या वर्षांत मी त्याचा अध्यक्ष होतो. तळ्याकाठचे पिवळे दिवे काढून पांढरेशुभ्र लावले तेव्हा बापटांनी आम्हा सगळ्या कमिटीला संध्याकाळी वाटेवर बोलावलं. मला म्हणाले, "जोगळेकर, तुम्ही त्या मेपलखाली जाऊन उभे राहा." मी गेलो. मग कमिटीला विचारलं, "जोगळेकर दिसतात?"

कुणालाच दिसेना. समोरचा दिवा थेट डोळ्यांत येत होता.

बापटांनी पिझ्झाच्या खोक्याचं झाकण काठीला बांधून आणलं होतं. ते त्यांनी दिव्याच्या पुढे धरलं. "आता?"

"ओह," आमच्या लिंडाबाई म्हणाल्या. त्या तेव्हा कमिटीत होत्या, आता अध्यक्ष आहेत. "ही इज राइट देअर! आणि हात खिशात घालून उभे आहेत."

"दिवा जमिनीवर पडला की माणूस दिसतो. दिवा डोळ्यांत पडला की फक्त दिवा दिसतो," बापट म्हणाले. "चोराला तुमचा हा दिवा फार आवडेल." त्यांचं भाषण एवढंच. दोन दिव्यांना वरून टोप्या बसल्या, आणि दुर्बिणीच्या संध्याकाळी दोन तास वाटेवरचे दिवे बंद ठेवायची परवानगी मिळाली. त्या परवानगीबरोबर बापटांनी स्वतःलाच एक नियम घालून घेतला. दिवे बंद होण्याआधी ते संपूर्ण वाट पायी फिरायचे. फांदी, दगड, कुणाची सायकल, जे असेल ते उचलायचे. जमिनीवर काहीही असता कामा नये. एकदा मी खुर्ची वाटेच्या कडेला ठेवली, तर तीसुद्धा उचलायला लावली.

कुलकर्णी आजी म्हणजे आमच्या सुधीर कुलकर्णीच्या आई. नाशिकहून सहा-सहा महिन्यांसाठी यायच्या. एका ऑगस्टमध्ये दुपारी इकडे सूर्यग्रहण होतं. आजी ग्रहण पाळणाऱ्या. तोंडात पाणी नाही, बाहेर पाऊल नाही. सुधीर आणि त्याची मुलं त्यांना चिडवून बाहेर गेली. बापटांना हे कळलं तेव्हा ते गल्लीतल्या पोरांना काळे चष्मे वाटत होते. ते तडक सुधीरच्या घरी गेले आणि स्वयंपाकघरातली पुरणाची चाळण मागितली.

"बापट, मी बघणार नाही हं," आजींनी दारातूनच सांगितलं.

"ग्रहणाकडे कोण बघा म्हणतंय? तुम्ही आपल्या डेककडे बघा. ग्रहणात जमिनीकडे बघू नये असं कुठे लिहिलंय?"

त्यांनी चाळण उन्हात धरली आणि दाराबाहेरच्या लाकडी ओट्यावर, म्हणजे डेकच्या फळ्यांवर, शेकडो चंद्रकोरी उमटल्या. प्रत्येक भोकातून एक कुरतडलेला सूर्य. आजी दाराच्या आत, उंबऱ्याशी बसून अर्धा तास बघत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "अहो, ही चाळण आता मी पुरणाला कशी वापरू?" त्यानंतर त्या तळ्यावरच्या एकाही कार्यक्रमाला चुकल्या नाहीत. बापट त्यांच्यासाठी घडीची खुर्ची घेऊन येत. त्या दोघांची चांगली गट्टी होती, हे लक्षात ठेवून पुढचं वाचावं.

पुढच्या वर्षीची कोजागिरी. आमच्या मराठी मंडळाची कोजागिरी दरवर्षी शनिवारी होते, कारण शाळेचा हॉल शनिवारी मिळतो. चंद्र कधी चार दिवसांनी लहान असतो, कधी तीन दिवसांनी. हॉलच्या आत कुणाला कळतही नाही. बापट सभेत उठून म्हणाले होते, "चंद्राला हॉलचं बुकिंग कळवलंत का?" सगळे हसले आणि शनिवारच कायम झाला. तेव्हा बापट माझ्याकडे आले. म्हणाले, "जोगळेकर, आपण कॉलनीपुरती खऱ्या पौर्णिमेला करू. बुधवार आहे, असू दे. खरं म्हणजे आम्हा दुर्बिणवाल्यांना पौर्णिमा नकोशी असते, बाकीचं आकाश धुऊन जातं. पण चांदण्यात माणसाचा चेहरा ओळखता येतो हे या पोरांना माहीतच नाही. एकदा दाखवू."

मला कल्पना आवडली. दूध आमच्या घरचं, असं मी सांगून टाकलं. हेमानं, म्हणजे माझ्या बायकोनं, दोन मोठी पातेली मसाला दूध आटवलं. टेबल वाटेपलीकडच्या गवतावर मांडलं. बापट साडेसहाला वाट फिरून आले, दाण्याचं एक साल पडलेलं तेही उचललं, आणि दिवे बंद झाले. चाळीसएक माणसं जमली. चंद्र उगवला होता, पण क्लबहाउसच्या मागे होता. वाटेच्या तेवढ्या भागावर इमारतीची सावली पडली होती.

दूध कोमट झालं होतं. मला ते सहन होईना. अध्यक्षांच्या घरचं दूध, आणि लोक कोमट म्हणून नाक मुरडणार! मी घरून विजेची शेगडी आणली, नारिंगी एक्स्टेन्शनची वायर क्लबहाउसच्या बाहेरच्या सॉकेटला लावली आणि वाटेवरून आडवी टेबलापर्यंत नेली. मी आयुष्यभर वीज कंपनीत इंजिनिअर होतो. वाटेवरची वायर टेपनं चिकटवायची असते हे मी इतरांना शिकवलं आहे. टेप गाडीत होता. गाडी पन्नास पावलांवर होती. म्हटलं, पहिले पेले भरू आणि मग आणू.

बापट तेव्हा तळ्याच्या पलीकडच्या टोकाला होते. नैऋत्येला झाडांवर शनी थोडाच वेळ टिकणार होता, म्हणून नळकांडं तिकडे लावलं होतं. त्यांनी वायर पाहिली नाही. मी त्यांना सांगितलंही नाही.

आजी खुर्चीतून उठून दूध घ्यायला आल्या आणि वाटेवर पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. धावाधाव झाली, कुणीतरी दिवे लावा म्हणून ओरडलं, कुणी ॲम्ब्युलन्सला फोन केला. मी प्लग उपसला आणि वायर गुंडाळून गाडीत टाकली. त्या क्षणी मनात एवढंच होतं की स्ट्रेचर आणणाऱ्यांच्या पायात ती येऊ नये. हे खरं आहे. पण दिवे लागले तेव्हा वाट स्वच्छ होती, आणि मी तोंड उघडलं नाही, हेही तितकंच खरं आहे.

घरी आल्यावर हेमा म्हणाली, "वायर कुठाय?"

"गाडीत."

"सांगितलंत?"

"सांगतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी बापट मोजपट्टी घेऊन वाटेवर होते. गुडघ्यावर बसून फरसबंदीवरून हात फिरवत होते. आजी हॉस्पिटलमध्ये सगळ्यांना सांगत होत्या की माझ्या पायात काहीतरी अडकलं. बापट ते शोधत होते. मला बघून उठले. "जोगळेकर, दुधाचं टेबल तुमच्याकडे होतं. इथे काही होतं का हो?"

मी म्हणालो, "काही नव्हतं."

"तुम्ही म्हणता म्हणजे नव्हतं," ते म्हणाले आणि मोजपट्टी खिशात घातली.

पुढच्या सभेत मी त्याहून वाईट केलं. कुणीतरी विचारलं, आजी काय म्हणतात? मी म्हणालो, "वय झालंय. घाबरल्या असतील. पडताना काय झालं ते नीट आठवत नसतं." अपघाताच्या अहवालात कारणाच्या रकान्यात मी लिहिलं, अपुरा प्रकाश. खाली सही केली. बापट उठून उभे राहिले आणि म्हणाले, "दिवे मी बंद करायला लावले. जबाबदारी माझी आहे." कुणी त्यांना खोडून काढलं नाही. त्यांच्या शेजारच्या खुर्चीत मी बसलो होतो.

महिन्याभरात तळ्याकाठी चार उंच पांढरे दिवे लागले. किराणा दुकानातला कागद बापटांनी स्वतः काढला. आजी व्हीलचेअरवरून नाशिकला परत गेल्या, तोवर ते एक दिवसाआड त्यांना भेटायला जात होते, आणि त्या गेल्यावर दर रविवारी त्यांना फोन करत होते. नळकांड्यावर त्यांनी चादर घातली. दोन वर्षांनी त्यांच्या पत्नी गेल्या आणि त्यांची मुलगी मुग्धा त्यांना आयर्लंडला घेऊन गेली. ती तिकडे पश्चिम किनाऱ्यावरच्या एका गावात डॉक्टर आहे. जाताना नेवार्क विमानतळापर्यंत मी त्यांना सोडलं. गाडीत पन्नास मिनिटं होती. आम्ही टोलच्या रांगेबद्दल बोललो.

आयर्लंडहून त्यांचे फोन येत, आणि हळूहळू त्यांचा आवाज पूर्वीसारखा होऊ लागला. "अहो जोगळेकर, इथे आमच्या गावानं रस्त्यावरचे सगळे दिवे खाली वळवलेत. ठरलेल्या वेळेनंतर हॉटेलवाला स्वतः बोर्ड विझवतो. का, तर अंधार बघायला पाहुणे येतात! अंधार बघायला!" गावात दर महिन्याला आकाशदर्शन असतं. येत्या ऑगस्टमध्ये तिकडे संध्याकाळी सूर्य जवळजवळ पूर्ण झाकला जाणार आहे, त्याची तयारी गेल्या वर्षीच सुरू झाली होती. शाळेच्या मैदानाची परवानगी, चष्मे, ढग आले तर काय, सगळ्याच्या याद्या. बापट त्या मंडळींत सामील झाले होते.

"मग दुर्बीण तुमच्याकडे असेल," मी म्हणालो.

"छे. मी वाटेवर असतो. लाल टॉर्च घेऊन उभा राहतो. म्हाताऱ्या माणसांचा हात धरून त्यांना दुर्बिणीपर्यंत नेतो आणि परत आणतो. दुर्बिणीला मी हात लावत नाही."

"का?"

"एकदा झालं तेवढं पुरे."

तरीही मी आणखी वर्षभर काही बोललो नाही. गेल्या जानेवारीत असोसिएशनचं पत्र आलं. तळ्याभोवती आणखी आठ उंच दिवे लावायचे आहेत, रविवारी सभा आहे, मतदान आहे. कारण म्हणून जुना अपघाताचा अहवाल जोडला होता. हेमानं तो माझ्या ताटाशेजारी ठेवला. म्हणाली, "सही छान आली आहे तुमची. आता तुम्ही सांगणार आहात, की सभेत मी उठू?"

मी आधी बापटांना फोन लावला. एका दमात सांगितलं. शेगडी, वायर, टेप, गाडी, सगळं.

"वायर कुठल्या रंगाची?" त्यांनी विचारलं.

"नारिंगी."

"कुठल्या सॉकेटपासून?"

"क्लबहाउसच्या डाव्या कोपऱ्यातल्या."

"म्हणजे सावलीतूनच." मग म्हणाले, "दिवे असते तर ती दिसली असती. तेवढा वाटा माझा आहे, तो मला राहू द्या. उगाच सगळा तुम्ही घेऊ नका."

"बापट, मी तुम्हाला सात वर्षं—"

"माझं नंतर. त्या बाई सांगत होत्या, पायात काहीतरी अडकलं. मी दर खेपेला त्यांच्या उशाशी बसून म्हणत होतो, आजी, तिथे काही नव्हतं, मी मोजपट्टी घेऊन बघितलंय. आपण दोघांनी मिळून त्यांना खोटं पाडलं, जोगळेकर. सभेच्या आधी सुधीरकडे जा. आज जा."

आजी तीन वर्षांपूर्वी गेल्या. मी सुधीरकडे गेलो तेव्हा तो भांडी डिशवॉशरमध्ये लावत होता. मी बोलत असताना तो हातातली वाटी ठेवायला विसरला. शेवटी म्हणाला, "काका, आई शेवटपर्यंत तेच म्हणायची. व्हिडिओ कॉलवर सुद्धा. सुधीर, माझ्या पायात काहीतरी होतं रे. आणि मी म्हणायचो, आई, लेट इट गो यार, झालं ते झालं. मी चिडायचो तिच्यावर." मग त्यानं वाटी ठेवली. "तुम्ही आता जा. मी सभेला येईन. पण आत्ता जा, प्लीज."

रविवारी दुपारी दोनला सभा. क्लबहाउसमध्ये वीसेक माणसं, आणि भिंतीवरच्या स्क्रीनवर बापट. तिकडे संध्याकाळचे सात वाजले होते, खिडकीबाहेर काळोख होता. माकडटोपी घालूनच बसले होते. मी लिहून आणलेलं वाचलं. इंग्रजीत ते जास्त उघडं वाटलं. लिंडाबाईंनी मला दोनदा विचारलं की हे नोंदीत जाणार, वकिलांकडे जाणार, तुम्हाला कळतंय ना? मी म्हणालो, कळतंय, नोंदीत जावं म्हणूनच आलोय. मागच्या रांगेत सुधीर हाताची घडी घालून बसला होता. अल्फारेटाहून नुकतंच आलेलं एक तरुण जोडपं माझ्याकडे बघत होतं, तसं माझ्याकडे आजवर कुणी बघितलेलं नाही. त्यांचं चुकलं नाही.

लिंडाबाईंनी स्क्रीनकडे वळून विचारलं, "मिस्टर बापट, तुम्हाला काही म्हणायचंय? तुमच्या नावाबद्दल?"

"माझ्या नावाबद्दल नको," बापट म्हणाले. "अहवालात कारणाच्या रकान्यात मिसेस कुलकर्णींनी जे सांगितलं ते लिहा. त्यांच्या शब्दांत. सुधीर आहे का तिथे? सुधीर, तू सांग, ते लिहून घेतील."

सुधीर उठला. आधी मराठीत म्हणाला, मग इंग्रजीत. माझ्या पायात काहीतरी अडकलं. सेक्रेटरीनं लिहून घेतलं आणि परत वाचून दाखवलं. सुधीर म्हणाला, "येस. दॅट्स व्हॉट शी सेड," आणि खाली बसला. माझ्याकडे त्यानं बघितलं नाही.

मग दिव्यांचा विषय निघाला. नव्या आठ दिव्यांऐवजी आहेत त्या चारांना टोप्या बसवाव्यात, आणि महिन्यातून एक संध्याकाळ दोन तास ते बंद ठेवावेत, असा लिंडाबाईंनी प्रस्ताव मांडला. त्यावर वाद सुरू झाला. कुणी इन्शुरन्सचा मुद्दा काढला, कुणी रात्री वाटेवर येणाऱ्या हरणांचा. स्क्रीनवर बापट चुळबुळत होते. दोनदा खिडकीकडे वळून बघितलं. तिसऱ्यांदा उठून खिडकीला नाक लावलं. परत येऊन कॅमेऱ्याजवळ तोंड आणून मराठीत म्हणाले, "जोगळेकर, मी निघतो."

"अहो, मतदान व्हायचंय अजून! पाच मिनिटं थांबा."

"इथे सकाळपासून पाऊस होता. आत्ता आकाश उघडलंय, ते तुमच्या मतदानासाठी थांबणार नाही. मैदानावर माणसं जमली असतील." जाकिटाची चेन ओढता ओढता ते थांबले. "आज दुर्बिणीवर मी आहे."

त्यांची पाठ दिसली, दार उघडलेलं दिसलं. जाता जाता त्यांनी सवयीनं खोलीतला दिवा घालवला. कॉल बंद करायचं राहूनच गेलं. आमच्याकडे हात वर झाले, सेक्रेटरीनं ते मोजले, आणि प्रस्ताव दोन मतांनी मंजूर झाला. स्क्रीनवर तेव्हा नुसता काळा चौकोन होता, आणि त्याच्या खालच्या कोपऱ्यात पांढऱ्या अक्षरांत अच्युत बापट एवढंच लिहिलेलं होतं.